पहिली मोटारसायकल: शोरूममध्ये आधी ती ढकलून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय २३, उंची पाच फूट चार इंच, वजन ५६ किलो. जूनपासून चाकणला नोकरी, खोली मोशीला, घर कराडजवळ. आजवर काकाची स्कूटर चालवलीस, गिअरची गाडी पाच-सहा वेळा. बजेट दीड लाख, थोडं कर्ज काढायची तयारी. मामा म्हणतो ३५० सीसीची घे, जड गाडी रस्त्याला धरून चालते. मित्र म्हणतात २००ची स्पोर्ट्स घे, तिचे ब्रेक भारी. वडील म्हणतात १०० सीसीच्या पुढे जाऊच नको. आणि आईला दर शुक्रवारी रात्री घरी येणार असं कबूल करून बसलायस. यातली सगळ्यात सेफ गाडी कुठली?

माझं साताऱ्यात गॅरेज आहे, त्याला सत्तावीस वर्षं झाली. रविवारी सकाळी मैदानावर नव्या पोरापोरींना गाडी शिकवतो, त्याला दहा-बारा वर्षं. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

गाडीच्या नावावर नंतर येतो. पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या हातून चुका होणार आहेत. माझ्याही झाल्या. तर त्या चुका होत असताना गाडी तुझ्याशी कशी वागेल, हे बघून गाडी निवडायची. नवशिक्याच्या चुका काही नवीन नसतात, मैदानावर दर रविवारी त्याच त्या बघतो.

पहिली थांबताना होते. गाडी थांबत आलेली, हँडल जरा वळलेलं, आणि पोरगं घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबतं. वेग पाच-सहाचा. हँडल ज्या बाजूला, त्या बाजूला गाडी आडवी. दुसरी निघताना. क्लच झटकन सुटतो, गाडी पुढे उसळते, अंग मागे जातं, आणि अंग मागे गेलं की उजवं मनगट ॲक्सिलरेटरची मूठ आणखी पिळतं. हे मुद्दाम कोणी करत नाही, मनगटाची ठेवणच तशी आहे. तिसरी पाय टेकताना, तिची गोष्ट खाली सांगतो. हायवेवरच्या मोठ्या अपघाताची भीती सगळ्यांना असते, पण नवशिक्यांच्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात त्यांचं काय तुटलेलं असतं बघ: क्लचचा लिव्हर, इंडिकेटर, आरसा, फूटरेस्ट. आणि सगळं एकाच बाजूचं.

दोन वर्षांपूर्वीचा जून. गॅरेजसमोर रस्ता डांबरी आहे, पण कडेला थोडा उतार आणि खडी. तुझ्याच अंगाचा एक मुलगा नवी कोरी जड गाडी घेऊन टायरची हवा बघायला थांबला. डावा पाय टेकवला तो खडीवर. पाय सरकला असेल चार बोटं. गाडी कलली, त्यानं धरून ठेवली, आणखी कलली, आणि मग सावकाश, थकलेली म्हैस बसावी तशी खाली बसली. घोटा खाली सापडला. वेग शून्य होता. आम्ही तिघांनी मिळून गाडी उचलली. घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये. हेल्मेट चांगलं होतं, ब्रेक चांगले होते, गाडीत काही दोष नव्हता. फक्त ती कलल्यावर सावरायला त्याचं अंग पुरलं नाही.

म्हणून मामाच्या मुद्द्यावर जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे घरोघरी हाच समज आहे. जड गाडी रस्त्याला धरून चालते हे पूर्ण खोटं नाही. ऐंशीच्या वेगात, सरळ रस्त्यावर, शेजारून एसटी सुसाट गेली की हलकी गाडी हेलकावते, जड गाडी कमी हलते. पण तुझा दिवस कसा जाणार ते बघ. मोशी ते चाकण म्हणजे पुणे-नाशिक रस्ता. पुढे कंटेनर, बाजूला कंपन्यांच्या बसा, मधून रिक्षा घुसतेय. शिफ्ट सुटायच्या वेळी तिथं गाडी चालत नाही, सरकते. थांब, निघ, पाय टेक, पुन्हा निघ. तिथं वजन तुझ्या बाजूनं नसतं, तुझ्या डाव्या पायावर असतं. चाक फिरत असेपर्यंत गाडी स्वतःला सांभाळते, थांबली की तुला सांभाळावी लागते.

आता आकडे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची, हंटर ३५० तिच्यापेक्षा हलकी म्हणजे १८१. युनिकॉर्न आणि एफझेडसारख्या १५०-१६०च्या गाड्या १४०च्या आसपास. वडिलांची लाडकी स्प्लेंडर ११२. तू ५६. म्हणजे क्लासिक तुझ्या साडेतीन पट. ती कलायला लागल्यावर तू काय धरणार?

खरं सांगायचं तर ३५०चा स्वभाव गरीब आहे. २० हॉर्सपॉवर असून ती सावकाश देते, मूठ जरा जास्त पिळली गेली तरी अंगावर येत नाही. मित्रांच्या त्या २००च्या स्पोर्ट्सचं, म्हणजे ड्यूकचं, नेमकं उलट. वजन ३५०पेक्षा बरंच कमी, पण ताकद २५ आणि तीही तडकाफडकी. निघताना मनगट चुकलं तर समोरच्या टेंपोच्या फळीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत, माझ्याकडे दोन्ही येतात. पण ३५०त पाय टेकतानाची चूक महागात पडते, ड्यूकमध्ये निघतानाची. मित्रांचं ब्रेकबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, फक्त तेवढे ब्रेक वापरायची वेळ यावी असा वेगही तीच गाडी तुझ्या हातात देते.

आणि ३५०ची चर्चा सध्या प्रत्येक घरात का चालू आहे तेही समजून घे. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. काल हप्त्यात न बसणारी गाडी आज बसायला लागली. खिशाला परवडते ते ठीक, पण घोट्याला परवडते का, एवढंच माझं म्हणणं.

वडिलांचं काय? त्यांचं चूक नाही. १०० सीसीवर शिकलेलं पोरगं बिघडत नाही. क्लच मऊ, गाडी हलकी, पडली तरी एकटा उचलशील. अडचण ब्रेकची आहे. १ एप्रिल २०१९पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना सीबीएस चाललं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. ते वाईट नाही, मागच्याच ब्रेकवर विसंबणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा उपयोग होतो. पण घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबलास तर चाक लॉक होण्यापासून ते वाचवत नाही. लॉक झालेलं पुढचं चाक हँडलचं ऐकत नाही, आणि गाडी खाली. एबीएस ते चाक लॉक व्हायच्या आत ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदात कित्येकदा. लिव्हरवर बोटांना थरथर जाणवते. पहिल्यांदा जाणवली की पोरं घाबरून ब्रेक सोडून देतात. सोडायचा नाही, दाबून ठेवायचा.

१५०-१६०च्या बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, त्याला सिंगल चॅनल म्हणतात. मागचं चाक तरीही घसरू शकतं. नवशिक्याला हे मला चालतं, कारण मागचं चाक घसरलं तर सावरायला वाव असतो, पुढचं घसरलं तर नसतो. दोन्ही चाकांना मिळालं तर उत्तमच. मात्र एबीएस आहे म्हणून वळणावर, खडीवर, उसाच्या ट्रॉलीनं सांडलेल्या चिखलावर कसाही ब्रेक मारता येतो असं समजू नकोस. तिथं रस्त्यालाच पकड नसते.

तर माझं उत्तर: १५० ते १६० सीसी, एबीएस असलेली, १४० किलोच्या आसपासची, सरळ बसायची गाडी. युनिकॉर्न, एफझेड-एस, पल्सर १५०, अपाचे १६० यांतली जी अंगाला बसेल ती. चारांत मी भांडण लावत नाही. यामाहाच्या आर१५चा विचार मनात असेल तर तिच्या सीटची उंची ८१५ मिलिमीटर आणि बसणं पुढे वाकून. मान वर करून ट्रॅफिक बघत रोज चाकण गाठायचं असेल तर ती नको.

अर्थात हे सगळं तुझ्या अंगाला आणि तुझ्या रस्त्याला धरून आहे. तू पावणेसहा फुटांचा, ऐंशी किलोचा असतास, रोजचा रस्ता मोकळा असता, तर ३५०ला मी इतकं अडवलं नसतं. उलट नोकरी गावातच असती आणि रोज सहा-सात किलोमीटर जायचं असतं तर वडिलांच्या शब्दावर शिक्का मारला असता. अलीकडे १२५मध्येही एबीएसवाल्या गाड्या मिळायला लागल्यात, त्याही बघून ठेव.

सीटच्या उंचीच्या आकड्यावर मात्र जाऊ नकोस. ७९०ची रुंद सीट ८००च्या निमुळत्या सीटपेक्षा उंच लागते, कारण मांड्या फाकतात. त्यामुळे गाडी बघायला जाशील तेव्हा कामावरचे बूट घालून जा. सेल्समन म्हणेल बसून बघा साहेब, मस्त वाटतं. बसायच्या आधी तिला ढकल. इंजिन बंद, न्यूट्रल, दोन्ही हात हँडलला, रांगेतून दहा पावलं मागे ओढ आणि पुन्हा जागेवर लाव. शक्य असेल तर शोरूमच्या उतारावर. धाप लागली, गाडी आपल्या अंगावर कलतेय असं दोनदा वाटलं, तर ती तुझी गाडी नाही. मग बस. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले पाहिजेत, आणि एक पाय टाचेसकट. मग टेस्ट राइड माग, आणि ती जोरात पळवून बघण्यात घालवू नकोस. हाफ क्लचवर, रेस न देता, माणूस चालतो तेवढ्या वेगात वीस पावलं ने. तिथं गाडी धक्के देत नसेल तर घे.

इथपर्यंतचं एका दमात: पाय टेकला पाहिजे, एकट्याला ओढता आली पाहिजे, मुठीला सौम्य पाहिजे, पुढच्या चाकाला एबीएस पाहिजे. रंग आणि ॲव्हरेज नंतर.

आता पैसा. माझ्या हातात असतं तर तुला नवी गाडी घेऊ दिली नसती. २०१९नंतरची, एबीएसवाली जुनी गाडी बजेटच्या साधारण निम्म्यात मिळते. पहिल्या वर्षात ती एकदा तरी खाली ठेवशील. जुन्या गाडीला ओरखडा आला तर तू पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर येशील. नवीला आला तर तिला झाकून ठेवशील, आणि सराव बंद.

जुनी बघताना गाडीच्या मागे दहा फुटांवर उकिडवा बस आणि दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघ. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी कर आणि हँडल एका बोटानं इकडून तिकडे फिरव. मधोमध आल्यावर खट्ट करून अडकत असेल तर बॉलरेसर, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, गेलेत. त्याचा खर्च फार नाही, पण गाडी सरळ रस्त्यावर झोकांड्या खाते आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नको. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, पाच-सहा वर्षांचं रबर पावसात दगडासारखं होतं. असे टायर दिसले तर बदलायचे पैसे किमतीतून कमी कर.

आणि एबीएसचा दिवा. चावी फिरवली की मीटरमध्ये तो लागला पाहिजे, गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. विझत नसेल तर एबीएसमध्ये बिघाड. पण लागलाच नाही तर जास्त सावध हो, कारण काही विकणारे तो दिवाच काढून ठेवतात म्हणजे बिघाड दिसायला नको. माझ्यासमोर अशा दोन आल्यात. कागदांचं सोपं आहे: एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि विमा बघ, चलनं वेगळी तपास, चासी नंबर गाडीवर बोट ठेवून आरसीशी जुळव, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.

उरलेल्या पैशातून हेल्मेट. आयएसआय मार्क, म्हणजे आयएस ४१५१. तोंड पूर्ण झाकणारं. डोक्यात घालून पट्टा लाव आणि दोन्ही हातांनी हेल्मेट फिरव. गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. नवीन असताना गाल दाबले जातात, ते बरोबर आहे, पंधरवड्यात बसतं. दुकानात सैल आणि आरामशीर वाटणारं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घे, त्या मुलाची गोष्ट आठव. पावसाळ्यात फडफडणारा पोंचो नको, पँट-शर्टसारखा रेनकोट घे. आणि आईला मागे बसवणार असशील तर साडी गार्ड काढायचा नाही. गाडी स्मार्ट दिसावी म्हणून पोरं पहिला तोच काढतात, आणि मग चेनमध्ये पदर गुंडाळलेली गाडी माझ्याकडे येते. पदर कापून काढलाय मी. मागच्या बाईचं नशीब चांगलं होतं.

गाडी आली की दोन रविवार मैदानावर. तीसच्या वेगात ये आणि ठरलेल्या खुणेला दोन्ही ब्रेक लाव, हँडल सरळ, दोन बोटांनी हळू सुरू करून मग दाब वाढवत. वीस वेळा. मग चाळीस. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, हे पाठ करून उपयोग नाही, मैदानावर पावलांनी मोज. साठच्या वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर जातोस. समोरच्याचा लाल दिवा दिसून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत ते सेकंद संपलेलं असतं. नवे टायर असतील तर पहिले दीड-दोनशे किलोमीटर सांभाळून, वरचा तुकतुकीत थर घासला जाऊ दे. आणि तुझी नोकरी जूनला सुरू, म्हणजे नेमका पहिला पाऊस. महिनोन्महिन्यांचं ऑईल आणि धूळ त्या पावसात वर येते. पहिल्या एक-दोन सरींच्या दिवशी बसनं गेलास तर कोणी हसणार नाही.

आता तो शुक्रवार. तुझा सगळा मजकूर वाचून मला गाडीपेक्षा त्याचीच काळजी वाटली. आठवडाभराची शिफ्ट करून, रात्री आठला निघून, पावणेदोनशे किलोमीटर. जाताना खंबाटकीचा चढ, पुढे रांगणारे ट्रक, मागे घाईतल्या गाड्या. हंगामात साताऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर मातीनं माखलेला. सोमवारी पहाटे परत, आणि डोळ्यांत झोप. नवशिक्यासाठी हा रस्ता सोपा करणारी गाडी माझ्या माहितीत नाही, १०० नाही आणि ३५०ही नाही. पहिले सहा महिने स्वारगेटहून एसटी पकड. आईला आत्ताच सांगून टाक, म्हणजे दर शुक्रवारी तो विषय निघणार नाही. नंतर एखाद्या सुट्टीत एकदा दिवसाउजेडी ये, पुण्यातून सकाळी सातला नीघ, शिरवळला चहा, साताऱ्याला नाष्टा.

दोन-तीन जुन्या गाड्या बघून झाल्या की मला एवढंच कळव: टायरवरचे चार आकडे कोणते, चावी फिरवल्यावर दिवा लागला का, आणि दहा पावलं मागे ओढताना धाप लागली का. फोटो नको, फोटोत सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.